टाकळीची गोगलगाय आणि दख्खनच्या दगडाचं वय: स्टीफन हिस्लॉप यांचं प्रकरण

नागपूरकरांना हिस्लॉप हे नाव कॉलेजमुळे माहीत असतं. ते कॉलेज ज्यांच्या नावाने उभं आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटिश मिशनरी होते, हेही अनेकांना ठाऊक असतं. पण आपल्या पायाखालचा काळा दगड नेमका किती जुना, या प्रश्नाला विदर्भातल्या जीवाश्मांच्या जोरावर ज्यांनी सर्वांत आधी नेटाने हात घातला, त्यांत हे गृहस्थ होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १८६० साली त्यांनी दिलेलं उत्तर पुढची सव्वाशे वर्षं कधी मान्य झालं, कधी मोडीत निघालं, पुन्हा उचललं गेलं, पुन्हा खोडलं गेलं. ‘जुन्या काळचा चुकलेला अंदाज’ असा शेरा मारून हे प्रकरण मिटवणं मला अन्यायाचं वाटतं. हाताशी काय पुरावा होता, त्यातून काय निघू शकत होतं आणि काय निघणं शक्यच नव्हतं, हे एकेक करून पाहिलं की त्यांची चूक कुठे होती आणि कुठे नव्हती, ते स्पष्ट होतं.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडच्या सरहद्दीवरच्या डन्स गावातला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून ते १८४५ मध्ये नागपुरात आले. तेव्हा नागपूर भोसल्यांचं होतं, गादीवर तिसरे रघूजी होते, आणि इंग्रजांची छावणी कामठीला होती. धर्मप्रसार हे हिस्लॉप यांचं मुख्य काम. त्यामुळे गावात त्यांच्याविषयी रोषही होता आणि तो समजण्यासारखा होता. शाळा चालवणं, मराठी शिकणं, हिवाळ्यात गावोगाव फिरणं असा त्यांचा दिनक्रम असे. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले. हेच हंटर पुढे विलायतेत मोठे कोशकार म्हणून नावाजले. दोघांनाही झाडं, किडे, दगड यांचा नाद होता. भूविज्ञानाचं रीतसर शिक्षण मात्र दोघांनीही घेतलेलं नव्हतं.

१८५१ मध्ये नागपूरच्या आसपास फिरताना त्यांना दगडात एक छोटी गोगलगाय दिसली. तिथून शोध सुरू झाला आणि शहराच्या वायव्येला असलेली टाकळी ही त्यांची मुख्य जागा बनली. त्याच वर्षी कलकत्त्यात टॉमस ओल्डहॅम यांच्या हाताखाली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण उभं राहत होतं. म्हणजे सरकारी भूवैज्ञानिक विदर्भात पोचण्याआधीच हे दोन मिशनरी इथे खणत होते.

टाकळीला काय सापडलं

महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हाच्या थरांनी झाकलेला आहे. सह्याद्रीत ही थप्पी दोन किलोमीटरहून जाड आहे. पूर्वेकडे ती पातळ होत जाते आणि नागपूरपाशी तिची कडा येते. याचा फायदा असा की नागपूरच्या परिसरात लाव्हाचे थोडेच थर आहेत, आणि त्यांच्या खाली व मध्ये काय दडलंय ते उघड्यावर दिसतं. दोन लाव्हांच्या मध्ये सापडणारा गाळाचा थर भाकरींच्या चळतीत अडकलेल्या कागदासारखा असतो. जाडी कधी हातभर, कधी दोन-तीन पुरुष, आणि तोही सलग नाही.

हा गाळ साचला कसा? एक लाव्हा वाहून गेला, थंड झाला. पुढचा येईपर्यंत हजारो वर्षं गेली. मधल्या काळात पाऊस पडला, खोलगट जागी तळी झाली, दगड झिजून माती झाली, काठावर झाडं उगवली, पाण्यात मासे आणि गोगलगायी आल्या. मग पुन्हा कुठेतरी जमीन फाटली आणि नव्या लाव्हाने ते तळं जसंच्या तसं बंद करून टाकलं. लाव्हातून झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. तिने लाकूड, फळं, शिंपले यांच्या जागी गारगोटीसारखा कठीण दगड भरला. म्हणून टाकळीच्या दगडात ताडवर्गीय झाडांचं लाकूड, फळं, बिया, किड्यांच्या पंखांची आवरणं, माशांचे खवले असं पुष्कळ काही टिकलं.

त्यातली गोगलगाय हातात घेऊन पाहावी अशी आहे. बोटाच्या पेराएवढी, कधी त्याहून मोठी, फुगीर पोटाची आणि आखूड टोकाची. टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं की तोंड डाव्या बाजूला येतं. बहुतेक गोगलगायींचं ते उजवीकडे असतं, त्यामुळे ही लगेच ओळखू येते. तिचं नाव फायसा प्रिन्सेपी. जॉन ग्रँट माल्कमसन या लष्करी डॉक्टरांनी आजच्या तेलंगणातल्या निर्मळच्या डोंगरांतून असे शिंपले आधीच गोळा केले होते आणि इंग्लंडचे शिंपल्यांचे जाणकार सोवर्बी यांनी ते १८४० मध्ये या नावाने प्रसिद्ध केले होते. टाकळीला तीच गोगलगाय सापडली याचा अर्थ हिस्लॉप यांनी अचूक लावला. निर्मळपासून नागपूरपर्यंत एकाच जातीचे गोड्या पाण्याचे जीव लाव्हांच्या मध्ये सापडतात, म्हणजे ही एखाद्या डबक्याची गोष्ट नाही, संपूर्ण प्रदेशाची आहे.

१८५५ मध्ये हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरचा आणि जीवाश्मांवरचा मोठा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. नमुने विलायतेला गेले आणि एकेक गट एकेका जाणकाराकडे सोपवला गेला. किड्यांचं काम अँड्र्यू मरे यांनी केलं, सिल्लेवाडा-कामठीकडच्या वालुकाश्मातल्या पानांचं चार्ल्स बन्बरी यांनी. मांगलीच्या तांबड्या दगडात सापडलेली एका उभयचराची रुंद, चपटी कवटी रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली आणि १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स या नावाने शास्त्रात नोंदली गेली. माल दूरच्या मुलखातून जायचा आणि नाव लंडनमध्ये पडायचं, ही त्या काळची रीत. हिस्लॉप मात्र नमुने पाठवून गप्प बसले नाहीत. कोणता दगड कुठल्या गावाजवळ, कोणत्या थराच्या वर, कोणाच्या खाली, हे ते स्वतः लिहीत राहिले. या प्रकरणात पुढे सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या नोंदींचा. कवटीला नाव देणारे पुष्कळ मिळतात. ती कुठल्या गावच्या कुठल्या थरातली, हे एकदा हरवलं की पुन्हा मिळत नाही.

पहिला निष्कर्ष: थरांचा क्रम

इथे हिस्लॉप चुकले. गाळाच्या वरचा लाव्हा गाळानंतरचा, हे उघड होतं. पण गाळाच्या खालच्या लाव्हाचं काय? हिस्लॉप आणि हंटर यांचं मत असं की हा सगळा गाळ एकाच भल्यामोठ्या सरोवरात साचला, त्यावर लाव्हा पसरला, आणि खालचा लाव्हा नंतर जमिनीखालून येऊन त्याच्या बुडाशी घुसला. म्हणजे खालचा दगड वरच्यापेक्षा तरुण.

आज वाचताना हे विचित्र वाटतं, पण त्यामागचा विचार उथळ नव्हता. नागपूरपाशी बहुतेक ठिकाणी गाळाचा एकच थर दिसतो. एकच थर, एकसारखे जीव, म्हणून एकच सरोवर. खालून घुसलेला लाव्हा ही कल्पनाही त्यांची एकट्यांची नव्हती. मुंबई बेटावर वरळीकडच्या बेडूक-कासवांच्या थराबाबत हेन्री कार्टर यांनीही तसंच मांडलं होतं.

याला उत्तर सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफोर्ड यांनी दिलं. त्यांनी पश्चिम आणि मध्य भारतातले लाव्हाचे थर दूरवर चालून पाहिले आणि १८६७ मध्ये सविस्तर मांडणी केली. लाव्हा खालून घुसला असता तर त्याने वरचा गाळ भाजला असता. प्रत्यक्षात गाळ वरच्या बाजूने, नव्या लाव्हाच्या स्पर्शाने भाजलेला दिसतो. खालच्या लाव्हाचा माथा मात्र झिजलेला आणि खड्ड्याखड्ड्यांचा आहे, आणि गाळ त्या खड्ड्यांत बसलेला आहे. शिवाय इतरत्र असे गाळाचे थर वेगवेगळ्या उंचीवर, एकावर एक सापडतात. म्हणजे सरोवर एक नव्हतं. तळी अनेक होती आणि निरनिराळ्या वेळची होती. नागपूरला लाव्हाची कडा पातळ असल्याने हे दिसणं अवघड होतं. ज्या जागेने हिस्लॉप यांना जीवाश्म दिले, त्याच जागेने त्यांना क्रमाबाबत फसवलं.

‘एकच सरोवर’ या समजुतीचा आणखी एक परिणाम झाला आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. वरोऱ्याकडच्या पिसदुरा गावाजवळ हिस्लॉप यांना मोठ्या प्राण्यांची हाडं मिळाली. तिथला गाळ लाव्हांच्या मधला नाही, त्यांच्या खालचा आहे. आज आपण त्याला लमेटा थर म्हणतो. सगळा गाळ एकाच सरोवराचा मानला की पिसदुरा आणि टाकळी एकाच वयाचे ठरतात आणि हाडांनी सांगितलेली वेगळी गोष्ट ऐकूच येत नाही.

दुसरा निष्कर्ष: वय

दगडाचं वय मोजण्याचं कुठलंही यंत्र तेव्हा नव्हतं. किरणोत्सर्गाचा शोधच १८९६ चा. वय ठरवायचं ते जीवाश्मांची तुलना करून: युरोपात जे जीव अमुक थरात मिळतात तसे इथे मिळाले तर इथला थर त्याच काळातला. यासाठी समुद्रातले जीव उत्तम, कारण ते दूरवर पसरतात आणि भराभर बदलतात. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी यासाठी फार कमी कामाच्या. त्या एका खोऱ्यापुरत्या असतात आणि लाखो वर्षं जवळपास तशाच राहतात. हिस्लॉप यांच्याकडे टाकळीला होत्या त्या गोगलगायीच, आणि जोडीला फळं-बिया. त्या काळी फळा-बियांचा सर्वांत गाजलेला साठा म्हणजे इंग्लंडच्या शेपी बेटावरचा लंडन क्ले, आणि तो इओसीन काळातला, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरच्या काळातला. टाकळीची फळं पाहून इओसीनच आठवावं यात नवल नाही.

पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. गोदावरीच्या मुखाकडे, राजमहेंद्रीजवळ, लाव्हांच्या मध्ये खाडीतले आणि समुद्रातले शिंपले सापडत होते. तिकडून आलेले शिंपले त्यांनी तपासले, अनेक नव्या जातींना नावं दिली आणि १८६० च्या निबंधात नागपूर आणि राजमहेंद्री एकत्र मांडून निकाल दिला: लाव्हांमधले हे थर तृतीय युगाच्या सुरुवातीचे आहेत. म्हणजे डायनोसॉरांच्या नंतरचे. नागपूरचा प्रश्न नागपुरात सुटत नाही, समुद्राच्या काठी जिथे काळ नीट वाचता येतो तिथे जायला हवं, हे त्यांनी ओळखलं. या संपूर्ण प्रकरणातली त्यांची ही चाल मला सर्वांत हुशारीची वाटते.

या निबंधानंतर त्यांना फार वेळ मिळाला नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत ते टाकळघाटला गेले होते. तिथल्या प्राचीन शिळावर्तुळांची पाहणी झाली. परतताना बोरीजवळचा नाला पावसाने फुगला होता. त्यात ते वाहून गेले. सेहेचाळिसावं वर्ष संपत आलं होतं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दातांविषयी आणि हाडांविषयी त्यांनी लिहिलेल्या पत्रांतले उतारे १८६४ मध्ये छापले गेले. गोंड आणि इतर जमातींविषयीची त्यांची टिपणं टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत लिंगोची गाथा आहे आणि तो ठेवा जीवाश्मांइतकाच मोलाचा आहे.

निकाल फिरत राहिला

ब्लॅनफोर्ड यांनी वयाबाबतही हिस्लॉप यांना खोडून काढलं. नर्मदेकडे लाव्हा क्रिटेशस काळातल्या, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातल्या, सागरी थरांच्या वर आहे (बाघ गावावरून त्यांना बाघ थर म्हणतात). गुजरातेत लाव्हाच्या झिजलेल्या माथ्यावर इओसीनचे, नम्युलाइट या नाण्यासारख्या सागरी जीवाश्मांचे थर आहेत. म्हणून लाव्हा या दोहोंच्या मधला, आणि बराचसा क्रिटेशसकडे झुकणारा. हा युक्तिवाद गोगलगायींपेक्षा पक्का होता. १८७९ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी ही डायनोसॉरची जात सांगितली. ते नाव आज ग्राह्य मानलं जात नाही, पण हाडं डायनोसॉरची याबद्दल वाद नाही. लाव्हाखालचा गाळ क्रिटेशसचा आहे, हे आता नक्की झालं.

मग बाजू पुन्हा पालटली. १९३४ मध्ये बिरबल साहनी यांनी दख्खनचा लाव्हा क्रिटेशस की तृतीय, हा प्रश्न नव्याने उकरला आणि कौल तृतीय युगाला दिला. त्यांचा आधार छिंदवाड्याकडच्या आणि नागपूरकडच्या वनस्पती: ताडांची रेलचेल, खाडीकाठच्या निपा ताडाची फळं, पाण्यावर तरंगणारी अझोला ही नेचावर्गीय वनस्पती. म्हणजे हिस्लॉप यांचाच पुरावा, पण कितीतरी जास्त बारकाईने तपासलेला. भारतातला सर्वांत मोठा पुरावनस्पतिशास्त्रज्ञ हिस्लॉप यांच्याच बाजूला येऊन उभा राहिला, हे लक्षात ठेवायला हवं. फळं आणि पानं पाहून माणूस त्याच निष्कर्षाला पोचत होता, कारण ताडांचा जम क्रिटेशस संपण्याआधीच बसला होता, ही गोष्ट तेव्हा पुरेशी माहीत नव्हती.

१९८० च्या दशकात बिरबल साहनींचे पुतणे अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी नागपूरच्या याच गाळाकडे वळले. त्यांची पद्धत निराळी होती. गाळ पाण्यात भिजवून चाळायचा आणि उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. त्यात डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचाचे बारीक तुकडे निघाले. ज्या थरात हिस्लॉप यांनी हातोडा चालवला, त्यातच हा पुरावा होता, पण नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. १८५१ च्या माणसाने तो पाहायला हवा होता असं म्हणता येत नाही.

त्याच दशकात व्हिन्सेंट कोर्टिलो आणि त्यांच्या गटाने दगडाचं चुंबकत्व आणि आर्गॉनवरून काढलेलं वय एकत्र करून १९८६ मध्ये दाखवलं की लाव्हाचा मोठा हिस्सा फार थोड्या काळात बाहेर पडला आणि तो काळ बरोब्बर क्रिटेशसच्या शेवटाचा, म्हणजे डायनोसॉर संपले त्या सीमेचा. आजच्या मोजमापाप्रमाणे ही सीमा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची, आणि लाव्हाचा मुख्य भाग तिच्या दोन्ही बाजूंना मिळून दहा लाख वर्षांच्या आतबाहेर ओतला गेला.

‘क्रिटेशस की तृतीय’ हा प्रश्नच असा मांडला गेला होता की त्याला एक उत्तर असणं शक्य नव्हतं. सीमा लाव्हाच्या थप्पीतूनच जाते. काही थर अलीकडे, काही पलीकडे. ब्लॅनफोर्ड आणि हिस्लॉप दोघेही आपापल्या थरांपुरते बोलत होते आणि दोघांनाही वाटत होतं की आपण संपूर्ण दख्खनविषयी बोलतोय.

राजमहेंद्रीबाबत तर निकाल हिस्लॉप यांच्या बाजूचा आहे. २००८ मध्ये गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन लाव्हांमधल्या गाळातले सूक्ष्म सागरी जीव तपासले. ते पॅलिओसीनच्या अगदी सुरुवातीचे निघाले, म्हणजे तृतीय युगाच्या पहिल्या पायरीवरचे. छिंदवाड्याजवळच्या झिलमिलीलाही पुढच्या वर्षी त्यांना तसेच जीव मिळाले. टाकळीचं वय हिस्लॉप यांनी चुकवलं, पण राजमहेंद्रीच्या शिंपल्यांवरून त्यांनी जे युग सांगितलं ते दीडशे वर्षांनी सूक्ष्मदर्शकाखालीही टिकलं. त्यांनी फक्त ‘इओसीन’ म्हटलं होतं. पॅलिओसीन हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता; तो १८७४ चा.

म्हणून ‘हिस्लॉप चुकले’ असं सरसकट म्हणू नये. थरांचा क्रम चुकला, आणि त्यामुळे पिसदुऱ्याची हाडं टाकळीच्या गोगलगायींशी जोडली गेली, ही खरी चूक. समुद्री शिंपल्यांवरून दिलेला निर्णय बरोबर होता. दोन्ही एकाच निबंधात एकत्र बांधल्यामुळे पुढे दोन्ही एकदमच खोडले गेले.

पिसदुऱ्याचं पुढे काय झालं तेही इथे सांगायला हवं. तिथे हाडांबरोबर दगड झालेली विष्ठाही मुबलक मिळते. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियान आणि अशोक साहनी यांनी त्या विष्ठेत गवताचे सिलिकाकण दाखवले, त्यांतले काही भाताच्या जवळच्या कुळातले. डायनोसॉरांच्या काळात गवत होतं आणि ते खाल्लं जात होतं, याचा हा तोवरचा पहिला ठोस पुरावा. टाकळी मात्र आता नागपूर शहराच्या आत आली आहे. विदर्भात असे लाव्हांमधले गाळाचे थर अजून पुष्कळ ठिकाणी उघडे आहेत. त्यांतले कुठले सीमेच्या अलीकडचे आणि कुठले पलीकडचे, हे एकेका गावाच्या नावानिशी लावण्याचं काम परागकण, चुंबकत्व आणि झिरकॉनच्या स्फटिकांचं वय यांच्या मदतीने अजून चालूच आहे. रस्ता, विहीर, खाण यांसाठी कुठेही दोन काळ्या थरांच्या मध्ये पांढुरका, कठीण गाळ उघडा पडला तर तो बुजण्याआधी जवळच्या भूशास्त्र विभागाला कळवावं. सोबत गावाचं नाव, खोली आणि खालीवरचा दगड लिहून ठेवावा.